गाव बुडवण्याचा मान

आसेगावात पोळा फुटण्याआधीची शेवटची झडती कोण म्हणतो, यावर एखाद्याचं अख्खं वर्ष कसं जाईल ते ठरतं. बैलजोड्या तोरणाखाली रांगेत उभ्या असतात, गाव भोवती असतं, आणि ज्याला मान आहे तो दोन ओळींचा टोमणा घसा ताणून म्हणतो. ज्याच्यावर म्हटला त्याने हसायचं असतं. उत्तर द्यायचं तर पुढची झडती मिळवावी लागते. शेवटच्या झडतीला मात्र उत्तरच नाही. ती संपली की तोरण तुटतं, बैल सुटतात आणि टोमणा वर्षभर गावात फिरत राहतो.

बबनराव इंगोले यांच्याजवळ असे बरेच टोमणे साठले होते आणि सगळे शेजारी दौलतसिंगने म्हटलेले होते. दोघांचं वावर, म्हणजे शेत, धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. दौलतसिंगला बबनरावांच्या घरचं सगळं दिसे आणि जे दिसे त्याची तो झडती करी. मागच्या पोळ्याची अशी होती:

‘बबनरावाचा बैल बसला बाजाराच्या वाटी,
बबन जुपला जुवाले अन् बैल चाले पाठी.’

बैल खरंच बसला होता. बबनराव मात्र जुवाला जुंपले नव्हते, फक्त गाडा थोडा ढकलला होता. हा फरक त्यांनी पुढे पुष्कळांना समजावून सांगितला. ऐकणारे शांतपणे ऐकून घेत आणि जाताना बैलाची तब्येत विचारत.

झडतीचा मान खेळून मिळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बैलांना काम नसतं आणि माणसांनाही. मारुतीच्या पारावर सतरंजी पडते. खेळाचे प्रकार तीन. पहिला कवडीचा, त्यात दान पडेल तसं चालायचं. दुसरा कंकराचा, त्यात दान नाही, दोघांकडे सारखेच खडे आणि ज्याचं डोकं चालेल तो जिंकेल. तिसरा वाघाचा. यात दोन बाजू सारख्या नसतात, वाघ थोडे आणि बकऱ्या पुष्कळ; वाघाने बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघ कोंडायचा. प्रत्येक प्रकारात जो जिंकेल त्याला पुढच्या पोळ्याला एक झडती, आणि झडत्या याच क्रमाने. वाघाचा प्रकार शेवटी, म्हणून शेवटची झडती वाघवाल्याची. आणि दौलतसिंगचा वाघ आजवर कोणी कोंडलेला नव्हता.

बबनराव तिन्ही प्रकारांत हरत. कवडीत त्यांना दान पडत नसे, कंकरात ते घाई करत, आणि वाघ कोंडत आणला की नेमकी एक बकरी उघडी सोडत. एकदा ते ग्रामपंचायतीला उभे राहिले होते. तिथेही समसमान मतं पडून चिठ्ठी निघाली, ती दुसऱ्याची. ते चिडके नव्हते. फक्त शेवटचं बोलणं आपलं असावं, एवढी एकच हौस त्यांना होती, आणि घरात बायको विजयमालाबाई असल्यामुळे ती घरी भागत नसे.

पुढच्या श्रावणात त्यांची पुतणी वर्षाराणी पुण्याहून सुट्टीला आली. पुण्यात ती एका कंपनीत काम करते आणि दर शनिवारी पटावरचे खेळ खेळणाऱ्या मंडळींत जाऊन बसते. येताना तिने खेळांची खोकी आणली होती. ओसरीवर ती ओळीने लागली तेव्हा बबनरावांना वाटलं, पोरीने बियाण्याची एजन्सी घेतली.

“इतके खेळ खेळता कवा तुमी?” त्यांनी विचारलं.

“खेळतो थोडंच, काका. भांडतो जास्त. कोणता खेळ कोणत्या प्रकारातला, याच्यावर.”

मग तिने सांगितलं. एक गट म्हणतो, चाल कशी होते त्यावरून प्रकार ठरवा: फाशाने, पत्त्याने की नुसत्या डोक्याने. दुसरा गट म्हणतो, खेळात गोष्ट कोणाची आहे ते बघा, राक्षसाची की व्यापाऱ्याची. तिसऱ्याचं म्हणणं, माणसं एकमेकांशी कशी वागतात ते बघा. मारतात, की ज्याचं त्याचं करतात, की मिळून करतात. एका खेळाला युरोपी म्हणायचं की नाही यावरून त्यांच्यातल्या एका मुलाने एका मुलीशी बोलणं सोडलं होतं, आणि त्यांचं लग्न ठरलेलं होतं.

“मोडलं काय?”

“नाही. त्या खेळाला वेगळा प्रकार काढला.”

बबनरावांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. प्रकार काढता येतो. हे त्यांना माहीत असायला हवं होतं, कारण वाघाचा प्रकारही असाच निघाला होता. पूर्वी तो कंकरातच मोजत. मग पारावरचे पंच नानाजी यांच्या बापाच्या काळात कोणीतरी म्हणालं, की बाजू सारख्या नाहीत तर खेळ एक कसा? तेव्हापासून तीन झाले. नवा प्रकार रांगेत शेवटी लागला. चौथा निघाला तर तो वाघाच्याही मागे लागणार होता, आणि शेवटची झडती त्याच्यात जिंकणाऱ्याची.

आता पंचाच्या जागी नानाजी होते. त्यांना दिसायला कमी झालं होतं, पण पट ते बोटांनी वाचत. बबनराव एक खोकं काखेत मारून त्यांच्याकडे गेले.

“नानाजी, हा युरोपचा प्रकार. याच्यात कोनी कोनाले मारत नाई. ज्यानं त्यानं आपलं वावर वाढवाचं अन् शेवटी मोजाचं, कोनाचं जास्त भरलं.”

“हा खेळ कायचा? शेतीच झाली.”

“शेतीच समजा.”

“मंग याच्यात धुरा कोरता येते का शेजाऱ्याचा?”

“नाई.”

“तं शेतीबी नाई,” नानाजी म्हणाले आणि खोकं परत दिलं.

दुसऱ्या दिवशी बबनरावांनी अमेरिकी प्रकार नेला. त्यात भुतं, तलवारी आणि मूठभर फासे. नानाजींनी फासे हातात खुळखुळवले. “हे तं कवड्याच हायत. भूत असलं म्हनून काय झालं.” तिसऱ्या खोक्यात मुकाट्याने हावभाव करायचे आणि दुसऱ्यांनी ओळखायचं होतं. नानाजी म्हणाले की हे वरातीत चालतं, याला पट कुठे आहे. बबनरावांनी मान्य केलं. घरी येऊन ते वर्षाराणीला म्हणाले, की म्हातारा पुण्यात असता तर तुमचं भांडण एका शनिवारात मिटलं असतं.

“मग हा न्या,” तिने एक निळं खोकं पुढे केलं. नदीकाठच्या गावाचा खेळ होता. चौघांनी बसायचं: एक नावाडी, एक गवंडी, एक डॉक्टर, एक सरपंच. दर खेपेला पत्ता उलटायचा आणि पाणी चढायचं. गाव बुडायच्या आत सगळी घरं टेकडीवर न्यायची. नेली तर चौघं जिंकले, राहिलं तर चौघं हरले.

विजयमालाबाई गहू निवडत ऐकत होत्या. “समदे मिळून एका बाजूले, असं?” त्या म्हणाल्या. “आपल्या घरी रोजचाच हाय हा खेळ. फक्त तुमी पान्याच्या बाजूनं ऱ्हायता.”

बबनरावांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांचा हिशेब वेगळाच चालला होता. चौघं एका घरचे बसवायचे, सगळ्यांनी मिळून जिंकायचं, म्हणजे झडती घरात आली. आणि घरातून ती तोरणाखाली कोण म्हणणार, हे उघड होतं.

नानाजींनी या खोक्याला वेळ घेतला. माणसाविरुद्ध माणूस नसलेला खेळ गावात नव्हता, हे त्यांना कबूल करावं लागलं. “पन घरचे चारबी चालाचे नाई,” ते म्हणाले. “एक बाहेरचा पाह्यजे.”

बाहेरचा मिळेना. पारावर बसणारा मदनसिंग म्हणाला, “जितून बी समदे अन् हारून बी समदे, तं बसाचं कायले? इथंच बसतो, झाडाखाली.” बाकीच्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने तेच होतं. करीच्या सकाळी सतरंजी पडली. दौलतसिंगने नेहमीप्रमाणे वाघात सगळ्यांच्या बकऱ्या खाल्ल्या, मिशीवरून हात फिरवला आणि निळ्या खोक्यापुढे येऊन मांडी घातली.

“बाहेरचा पाह्यजे नं? मी हाओ बाहेरचा. अन् मले गवंड्याचं काम येते.”

नकार द्यायला कारण नव्हतं. बबनराव नावाडी झाले, विजयमालाबाई सरपंच, वर्षाराणी डॉक्टर.

दौलतसिंग डाव बुडवायला आला असेल, अशी बबनरावांची खात्री होती. तसं झालं नाही. तो फार चांगला खेळला. पाणी कुठून येणार हे त्याने दोन पत्ते आधी ओळखलं, बांध नेमक्या जागी घातले, विजयमालाबाईंना वाकून “वहिनी, ते घर आधी हालवा” असं सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं. बबनरावांचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पारावरची माणसं पुढे सरकली. शेवटी पाण्यात एकच घर उरलं आणि चाल नावाड्याची आली. नाव घराला लावली की गाव वाचत होतं.

तेव्हा दौलतसिंग बोलला. आवाज गोड होता.

“लावा नाव, बबनराव. आता झडती आपल्या चौघाची. पयली ओळ तुमी म्हना, दुसरी मी म्हनतो. शेवटची आपल्याकडंच राह्यते.”

म्हणजे दौलतसिंगकडे वाघाची झडती होतीच, आणि वर बबनरावांच्या झडतीतली अर्धी. तीही शेवटची अर्धी.

बबनरावांनी लाकडाची नाव उचलली. घरावर नेली. तिथे ती थोडा वेळ बोटात धरली आणि मग सावकाश परत आणून रिकामीच टेकडीला लावली. वर्षाराणीने पत्ता उलटला. गाव बुडालं.

“आवो, हे काय केलं?” विजयमालाबाई म्हणाल्या.

“मुद्दाम केलं त्यायनं,” दौलतसिंग म्हणाला. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं आणि ते त्याला आवडल्यासारखं दिसत होतं. “हारले. चला, उचला खोकं.”

वर्षाराणी हलली नाही. शनिवारी जे तिच्या अंगात येत असे ते आता आलं होतं. “नानाजी, एक सांगू? याच्यावर पुण्यात मोठं भांडण आहे. सगळे खरंच मिळून खेळले तर तो एक प्रकार. पण चौघांत एक जण लपून फितूर असेल तर तो प्रकारच वेगळा होतो. त्याच्यात गाव बुडालं की फितूर जिंकतो. एकटा.”

पारावर गलका झाला. नानाजींनी हात वर केला.

“त्या खेळात फितूर कवा ठरते? खेळ सुरू व्हाच्या आधी का मंग?”

“आधी,” वर्षाराणी म्हणाली. तिच्यातल्या शनिवारच्या माणसाला खोटं बोलता येईना. “आधीच ठरलेला असतो. बाकीच्यांना फक्त माहीत नसतं.”

नानाजींनी तोंड बबनरावांच्या दिशेने वळवलं. “बबन, तू कवा ठरवलं?”

खरं उत्तर होतं, आत्ताच, नाव बोटात असताना. बबनराव आयुष्यभर घाई करून हरले होते. यावेळी त्यांनी घाई केली नाही. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“दौलतसिंग बसला तवाच.”

दौलतसिंग म्हणाला, “झूट बोलून राह्यले हे.” नानाजी म्हणाले, फितूर झूट बोलणारच, त्याचं कामच ते. मग त्यांनी फरक सांगितला, तो गावाने मान्य केला: वाघाच्या खेळात वाघ कोण ते दिसतं, या खेळात वाघ बकऱ्यांतच बसलेला असतो. म्हणजे प्रकार वेगळा, आणि त्याची झडती फितुराची.

“थांबा, थांबा,” दौलतसिंग म्हणाला. “मंग इतका वेळ मी बकरी होतो का?”

“होता,” नानाजी म्हणाले.

त्या दिवसापासून बबनरावांना गावात ‘गावबुडवे’ म्हणू लागले. चहाच्या टपरीवर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत. त्यांनी ते पदवीसारखं वापरलं. झडतीच्या दोन ओळींना त्यांनी वर्ष घेतलं. सोयाबीन निघालं, तूर निघाली, आणि ते तण काढायच्या डवऱ्यामागे चालताना ओठ हलवत राहिले. विजयमालाबाईंनी त्यातला एक शब्द बदलायला सांगितला. त्यांनी बदलला नाही, मग महिन्याभराने बदलला आणि आपल्यालाच सुचल्याचं सांगितलं.

पोळ्याला कवडीची झडती झाली, कंकराची झाली. वाघाच्या झडतीत दौलतसिंगने गाव बुडवणाऱ्या नावाड्याला बायको कशी पोसते ते गायलं, आणि लोक हसले. मग बबनराव पुढे झाले. आदल्या हिवाळ्यात दौलतसिंग राखणीसाठी बांधलेल्या उंच माच्यावर असताना वावरात रोही, म्हणजे नीलगाय, शिरला होता. ओरडून त्याला हाकलायचं सोडून दौलतसिंग वरच बसून राहिला, हे धुऱ्याच्या अलीकडून एकाच माणसाने पाहिलं होतं.

‘पटावर वाघ हाय दौलतसिंग आमचा,
वावरात शिरला रोही, सोडत नाई माचा.’

दौलतसिंगचं तोंड उत्तरासाठी उघडलं. तेवढ्यात तोरण तुटलं, बैल सुटले, आणि त्याचं उत्तर घुंगरांच्या आवाजात कोणालाच ऐकू गेलं नाही. संध्याकाळपर्यंत पोरं त्याला माच्याची उंची विचारत होती.

करीच्या सकाळी बबनराव ओसरीवर दात घासत उभे होते. समोरून दौलतसिंग नानाजींच्या घराकडे चालला होता. काखेत नवंकोरं खोकं होतं, अजून प्लास्टिकही न फाडलेलं. नागपूरला शिकणाऱ्या पोराकडून त्याने ते मागवलं होतं. त्याने बबनरावांकडे पाहिलं नाही, पण चाल मात्र मुद्दाम सावकाश केली.

बबनरावांनी चूळ भरली आणि पुण्याला फोन लावला.

“वर्षा, तुमच्याकडं प्रकार किती उरले अजून?”

“मोजून संपत नाहीत, काका. काहून?”

“काई नाई,” ते म्हणाले. “दोन-चार पाठव.”