उभ्या गाडीचा वेग

माझ्या बाबांची स्कुटर किती हळू चालते, हे आमगावकडच्या आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. शाळेतल्या पोरी सायकलची घंटी वाजवत त्यांना ओलांडून जातात आणि बाबा मान डोलावून त्यांना वाट देतात. अशा माणसाच्या गाडीला भरधाव वेगाचं चालान आलं. रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यानं त्यांना म्हणे ताशी ब्याऐंशीनं पळताना पकडलं होतं. गाडीच्या कागदांवर माझा फोन नंबर आहे, त्यामुळे मेसेज मला आला. दिवाळीच्या सुट्टीत मी घरीच होते. मी तो हसत हसत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला.

आई हसली नाही. तिनं खुंटीवरची स्कुटरची किल्ली काढली आणि पदराला गाठ मारून बांधली.

"तिकडं कोहमाऱ्याच्या हायवेवर रोज ट्रक पलटून राहिले, अन् या वयात तुमाले ब्याऐंशीनं पळायचं हाय?"

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "झालं असंल," एवढंच बोलले.

मला त्यांचा संताप आला. जन्मात कधी ताशी पन्नासनं गाडी न चालवलेला माणूस, आणि मुकाट्यानं गुन्हा कबूल करतो? "बाबा, तुम्ही बोलत काऊन नाही?" मी विचारलं. तर म्हणाले, "मशीन खोटं कायले सांगंल, बाई?"

ती किल्ली म्हणजे बाबांचं सगळं जग होतं. दम्यानं छातीत घर केल्यापासून डॉक्टरांनी त्यांना धानाच्या धुळीपासून लांब राहायला सांगितलं होतं. शेती चुलतभावाला ठेक्यानं दिली आणि मळणी-उडवणीपाशी पाय ठेवणार नाही, असं आईनं त्यांच्याकडून वदवून घेतलं. मग उरली ती स्कुटर. सोमवारी नागऱ्याच्या महादेवाचं दर्शन, औषधासाठी गोंदियाची चक्कर, चौकातला चहा. आता ते ओसरीवर खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या गाड्या मोजत बसू लागले. मला ते बघवेना.

मी नागपूरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. म्हटलं, आता हा कॅमेरा आहे आणि मी आहे. कॅमेरा नुसता फोटो काढतो, वेग मोजतो तो त्याच्या जोडीला बसवलेला रडार. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी रस्त्यावर सोडतो. त्या लोखंडी वस्तूवर आपटून परत येतात. रेल्वे फाटकापाशी उभं राहिलं की येणाऱ्या गाडीचा भोंगा बारीक ऐकू येतो आणि गाडी पुढे निघून गेली की तोच जाडा होतो. या लहरींचंही तसंच होतं, आणि त्या किती बदलल्या यावरून वेग काढतात. पण आपण कोणावर आपटून आलो, हे लहर सांगत नाही. शेजारून सुसाट ट्रक गेला, तर त्याचा वेग स्कुटरवाल्याच्या नावावर चढू शकतो. फोटोत ज्याची नंबर प्लेट दिसेल, तो सापडला.

म्हणून मी चालानाचा फोटो उघडला आणि ट्रक शोधू लागले. ट्रक कुठेच नव्हता. रस्त्याच्या कडेला बाबांची स्कुटर होती, त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले होते आणि नाकाला दुपट्टा होता. म्हणजे गाडी चक्क उभी होती. कोपऱ्यात ट्रॅक्टर होता आणि त्याच्या मागे धान उडवायचा भलामोठा पंखा.

आमच्याकडे हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान निघालं की लोक ते डांबरी रस्त्याच्या कडेलाच आणून उडवतात. जागा कोरडी मिळते आणि ट्रॅक्टर लावायला सोपं जातं. पंख्याचं तोंड शेताकडे होतं आणि बाजू कॅमेऱ्याकडे. त्याची लोखंडी पाती प्रत्येक फेऱ्याला कॅमेऱ्याच्या दिशेनं धावून येत होती. मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला अंदाजे हिशेब मांडला. पात्याच्या टोकाचा वेग ऐंशीच्या आसपास निघाला. रडारनं पंखा मोजला होता आणि कॅमेऱ्यानं बाबांना धरलं होतं.

मी नाचतच स्वयंपाकघरात गेले. आईला फोटो मोठा करून दाखवला, पंखा समजावला, पाती समजावली. दारात उभे असलेले बाबा मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होते, मानही हलवत होते. मला वाटलं, लेकीचं कौतुक ऐकून लाजताहेत.

आईनं चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. "म्हंजे गाडी उभी होती?"

"हो ना, तेच तर सांगतेय."

"अन् हे पंख्यापाशी कायले उभे होते?"

मी बाबांकडे वळले. बाबा भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "नव्या धानाचा वास येते. पाय निघत नाही तेथून."

"रोज जाता?"

"उडवणी असली का जातो."

मला हसू आलं आणि भरूनही आलं. दिलेला शब्द मोडल्याचं आईला कळू नये, म्हणून हा माणूस बेफाम गाडी हाकणारा म्हणवून घ्यायला तयार झाला होता, आणि मी शास्त्र शिकवून त्याला पुरता उघडा पाडला होता. तक्रार मी त्याच दुपारी फोटोसकट पाठवली. पुढे चालान रद्दही झालं. पण त्या दिवशी घरात त्याचं कोणाला काही नव्हतं. जेवताना बाबांनी भाजीत मीठ कमी असूनही मागितलं नाही.

सकाळी बाबा ओसरीवर येऊन बसले. आई चहा घेऊन आली. तिनं पदराची गाठ सोडली आणि किल्ली बशीच्या शेजारी ठेवली.

"जा," ती म्हणाली. "पण पंख्याच्या सामनं नोका उभे राहू. मांगं उभे राहा. मांगं धूळ येत नाही."