आधी ह्यांचं ताट

कापसाच्या जिनिंगमधलं कुठलंही यंत्र ओडेल पिटमन डोळे मिटून खोलून परत जोडू शकत असे, पण स्वतःच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्याला म्हातारपणी शोधावं लागलं. रविवारची सकाळ होती. कोंबडीचे तुकडे ताकात मुरत पडले होते. शेगडीवर कॉलर्डच्या पालेभाजीचा पाला धुरी दिलेल्या डुकराच्या हाडाबरोबर शिजत होता, आणि ओडेल बायकोचा निळ्या फुलांचा एप्रन पोटावर कसाबसा बांधून एकेक डबा उघडून हुंगत होता. साखर कुठली आणि मीठ कुठलं हे चाखल्याशिवाय कळत नाही, एवढं त्याला एव्हाना समजलं होतं.

मुलगी रेजिना मेम्फिसहून दुपारी येणार होती, आणि ती नुसती जेवायला येत नव्हती. तिच्या आईच्या, लव्होनियाच्या डोक्यातून आधी नावं गेली, मग माणसं गेली, आणि गेल्या वर्षी नवऱ्याचा चेहराही गेला. ओडेलला ती कुणी परका गृहस्थ समजे. पण बाई मूळची सभ्य, त्यामुळे पाहुणीसारखी अदबीने वागे. तेही ओडेलने गोड मानून घेतलं होतं. उन्हाळ्यात मात्र तिने खाणंच सोडलं. डब्यातलं सूप, दुकानातलं पुडिंग, काहीही पुढे केलं की ती "नको, थँक यू" म्हणून तोंड फिरवी. गळ्याची हाडं दिसायला लागली. रेजिनाने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, की रविवारी ती स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. आई चार घास जेवली तर राहू दे इथेच, नाहीतर त्याच संध्याकाळी तिला मेम्फिसच्या शुश्रूषागृहात न्यायचं. तिथे जागाही धरून ठेवली होती. ओडेलने फोनवर आरडाओरडा केला, पण पोरीचं काही चुकत नव्हतं हे त्याला कळत होतं.

मग त्याच्या मनाने घेतलं, की तिचंच जेवण तिच्यापुढे ठेवलं तर ती खाईल. त्याने शेजारच्या मिस व्हर्डेलला फोन लावून मैदा किती, मिरपूड किती, असं विचारायला सुरुवात केली.

"इतकी वर्षं तिच्या हातचं गिळलंस, ओडेल," ती म्हणाली. "एकदा तरी मान वर करून बघायचंस, बाई त्यात घालते काय ते."

आणि मग तिने सगळं सांगितलं, अगदी मॅकरोनीवर चीजचा थर किती जाड हवा इथपर्यंत.

बघायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. संध्याकाळी भुवयांत कापूस घेऊन तो घरी येई, बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसे आणि हाक मारी. ताट मांडीवर हजर. लव्होनिया ते संपेपर्यंत बाजूला उभी राही. "तुझं काय?" असं त्याने चुकून विचारलंच, तर "वाढता वाढताच पोट भरलं माझं," म्हणे. आणि हा शहाणा ते खरं मानी. चर्चमध्ये मयताचं जेवण असो की लग्नाचं, माणसांचा कंटाळा म्हणून हा घरीच राही. ती मात्र स्वतः बसण्याआधी त्याचं ताट भरून, वर फॉइल घट्ट दाबून घरी आणून देई. बायका विचारत, "काय गं, नवऱ्याचे पाय मोडलेत का?" ती हसे आणि फॉइलची कड आणखी दाबे.

बिडाच्या तव्यात चरबी तापली. ओडेलने मैद्यात घोळवलेले तुकडे सोडले आणि घाईघाईने चिमटा पुढे केला. टेबलाशी खिडकीकडे बघत बसलेली लव्होनिया मान न वळवता म्हणाली, "अजून नको. तडतड खाली बसू दे, मग उलटा."

ओडेलचा हात तिथेच थांबला. कित्येक महिन्यांत ती इतकं नीट बोलली नव्हती. "बरं बाई," तो म्हणाला, आणि तडतड खाली बसेपर्यंत तव्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते चरबीच्या धुराने, असं त्याने स्वतःला सांगितलं. आज ती जेवणार याबद्दल त्याला आता शंका उरली नव्हती.

रेजिना आली तेव्हा टेबल भरलेलं होतं. ग्रेव्हीत गुठळ्या होत्या, मक्याचा ब्रेड तव्याला धरून बसल्यामुळे तुकड्यातुकड्यांनी निघाला होता, पण कोंबडी सोनेरी झाली होती आणि वास तर रस्त्यापर्यंत गेला होता. ओडेलने आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं ताट वाढलं. भात, ग्रेव्ही, मॅकरोनी, भाजी, आणि वर कोंबडीची मान.

"मान का वाढलीत तिला?" रेजिनाने विचारलं.

"तिला तीच आवडते. नेहमी तीच घ्यायची."

"डॅडी, चांगले तुकडे तुम्हाला आणि आम्हा पोरांना वाढून झाले की तेवढीच उरायची."

ओडेलने मान काढून घेतली आणि छातीचा मोठा तुकडा ठेवला. प्रार्थना झाली. लव्होनियाने ताटावर वाकून वास घेतला आणि तिचा चेहरा एकदम खुलला. रेजिनाने बापाचा हात धरला.

"फार छान केलंयत हो सगळं," लव्होनिया ओडेलला म्हणाली. "थोडं फॉइल मिळेल का? आधी आमच्या ह्यांचं ताट पोचवते. घरी उपाशी बसले असतील."

"लव्होनिया, अगं, मीच तो. मी ओडेल."

तिने त्याच्या एप्रनकडे पाहिलं, मैद्याने माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि हसली. "काहीतरीच. आमचे हे स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत."

रेजिनाने तोंड फिरवलं. ओडेल उठला, एप्रन सोडला, हात धुतले, बाहेरच्या खोलीत जाऊन आपल्या खुर्चीत बसला आणि टीव्ही लावला. जन्मभर मारली तशी त्याने हाक मारली.

"लव्होनिया, भूक लागलीय गं."

आत खुर्ची सरकली. ती ताट घेऊन आली, त्याच्याकडे बघितलं आणि या वेळी ओळखलं. "आलात? मला कळलंच नाही," ती म्हणाली. तिने ताट मांडीवर ठेवलं, रुमाल त्याच्या कॉलरमध्ये खोचला. वर्षभर ज्या नजरेसाठी तो झुरत होता ती हीच. त्याने कोंबडीचा तुकडा तोडून तिच्यापुढे धरला.

"आज तू आधी खा. माझ्यासमोर खा."

"गरम आहे तोवर जेवा तुम्ही," तिने त्याचा हात हळूच मागे केला. "वाढता वाढताच पोट भरलं माझं."

"एक घास, लव्होनिया. माझ्यासाठी."

"आज काय झालंय हो तुम्हाला?" ती कौतुकाने म्हणाली, आणि आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली.

तो जेवत राहिला. थांबलो तर ही निघून जाईल, आणि परत येईल ती कोण म्हणून येईल कुणास ठाऊक, अशी भीती त्याला वाटत होती. त्याने सगळं संपवलं. रेजिना दारात उभी राहून बघत होती. मग ती आत गेली. आईच्या कपाटाचं दार उघडल्याचा आणि पलंगावर बॅग ठेवल्याचा आवाज आला.

लव्होनियाने रिकामं ताट उचललं. "आणखी आणू?" तिने विचारलं.

"आण," ओडेल म्हणाला. "थोडं आण."