बाबा वसंतभाऊंजवळ काय बोलले

वलगावच्या स्टँडवर त्या सकाळी आम्ही दोघं उभे होतो, बाबा आणि मी. बाबांच्या पायाशी वांग्यांची दोन पोती आणि ओल्या फडक्यात बांधलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, होता, माझ्या पायाशी एक पत्र्याची पेटी. काळीपिवळी जीप आली. आधी पोती टपावर चढली, मग पेटी. अमरावतीला पोचेपर्यंत बाबा ड्रायव्हरशी बाजारभावाबद्दल बोलत राहिले. मला अकोल्याच्या बसजवळ सोडलं तेव्हा एवढंच म्हणाले, "जेवून घेत जाय टायमावर." आणि पोत्यांकडे परत गेले. मागे वळून पाहिलं की नाही, मला माहीत नाही, कारण मीही पाहिलं नाही.

मी चोवीस वर्षांचा होतो. आयटीआय झालेलं होतं आणि अकोल्याच्या एका दालमिलमध्ये फिटरची नोकरी लागली होती. वलगाव ते अकोला हे अंतर सांगायला लाज वाटावी इतकं कमी आहे. लोक अमेरिकेला जातात. पण दादा, तुला आणि गावातल्या सगळ्यांना एक गोष्ट मी कधी नीट सांगितली नाही. वलगावात कुणीही पहिल्यांदा विचारतो, "कोनाचा तू?" अकोल्यात ते विचारणारंही कुणी नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली. डाबकी रोडवरच्या खोलीत मी तीन दिवस पडून होतो. मिलवाले समजले, पोरगा गावाला गेला. गावात तुम्ही समजून होता, पोरगा मिलमध्ये आहे. चौथ्या दिवशी मिलच्या वजनकाट्यावर बसणारे रहीमभाऊ दार ठोकत आले. माझे डोळे पाहिले आणि तसेच परत गेले. अर्ध्या तासात रिक्षा घेऊन आले, सोबत आणखी दोघं. मला दवाखान्यात नेलं. त्या दोघांपैकी एक जण पाच दिवस माझ्याजवळ बसायला येत होता. मऊ खिचडी आणायचा, पेपर वाचायचा आणि जायचा. मी वाट पाहत होतो की हा आता माझं आडनाव विचारेल. त्याने विचारलं नाही.

ते सगळे एका मंडळाचे होते. मंडळाला नाव आहे, पण ते मी इथे लिहीत नाही. बाहेर मिरवायचं नाही असा तिथला शिरस्ता आहे. सायकलच्या दुकानावरची एक खोली, सतरंजी, वीस-बावीस माणसं. कुणी मास्तर, कुणी वायरमन, कुणी केळी विकणारा. तिथे आडनाव चालत नाही. नाव आणि पुढे भाऊ, बस. साहेब असला तरी भाऊच. नवीन माणसाला वर्षभर नुसता येऊ देतात. सतरंजी झटकायची, पाणी भरायचं, आणि अकोल्यात पाणी भरणं म्हणजे काय ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. वर्षानंतर सगळ्यांसमोर उभं राहून तीन वाक्यं म्हणायची. बोलावणं आलं तर जाईन. विचारल्याशिवाय सल्ला देणार नाही. आजाऱ्याजवळ जे ऐकलं ते बाहेर नेणार नाही.

मी म्हटली. तिसरं वाक्य मला सगळ्यांत सोपं वाटलं होतं.

फार मोठं काही सांगतोय असं समजू नका. मंडळाची बैठक बहुतेक वेळा कंटाळवाणी असते. नवा कूलर कुठल्या खिडकीत बसवायचा यावर एकदा दोन बैठका गेल्या. पण माझ्या मुलीच्या जन्मावेळी मंदाला रक्त लागलं तेव्हा तिघं रांगेत उभे होते. चारचौघांत उभं राहून बोलायला मी तिथे शिकलो. आणि दुसऱ्याच्या आजारपणात गुपचूप बसून राहायलाही. ते बोलण्यापेक्षा अवघड निघालं.

मग बाबा पडले. विहिरीजवळ पाइपात पाय अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. वांग्याचा तोडा चालू होता, दादा, तुला शेत सोडता येत नव्हतं, म्हणून मीच म्हटलं, अकोल्याला आणा. ऑपरेशन झालं. मिलचा सीझन होता, मला दिवसपाळी. मंदा अंगणवाडीत. मंडळाने पाळ्या लावल्या, आणि दुपारी दोन ते पाचची पाळी वसंतभाऊंच्या वाट्याला आली.

वसंतभाऊ शिंपी. साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. दवाखान्यात येताना ते काज-बटणाचं काम पिशवीत घेऊन यायचे आणि बाबांच्या पलंगाजवळ स्टुलावर बसून शिवत राहायचे.

पहिल्या दिवशी बाबा माझ्यावर चिडले. "परक्या मानसाले कावून बसवलं माह्याजवळ?"

"परके नाहीत बाबा, मंडळाचे आहेत."

"मंडळाचे म्हंजे कोनाचे?"

मी औषधांची चिठ्ठी उचलली आणि खाली गेलो.

आठवड्याभराने एकदा मिलची लाइट गेली आणि मी चार वाजताच दवाखान्यात पोचलो. दारातून पाहिलं तर बाबा बोलत होते. माझ्याशी उभ्या आयुष्यात जितकं बोलले नसतील तितकं बोलत होते. वसंतभाऊंची नजर सुईवर होती, मान मात्र मधूनमधून हलत होती. बाबांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. मग मी दिसलो आणि ते थांबले.

"आला का? जेवला?"

वसंतभाऊंनी दातांनी दोरा तोडला, शर्टाची घडी केली आणि निघून गेले.

पाच आठवड्यांनी, घरी वलगावला, बाबा सकाळी उठलेच नाहीत. तुम्हाला आठवत असेल, दोन गाड्या भरून अकोल्याची माणसं आली होती. त्यांनी खांदा दिला, लाकडं लावली, रहीमभाऊंनी सगळ्यांना पाणी पाजलं, आणि जेवायला न थांबता ते परत गेले. तेव्हा गावातल्या कितीतरी जणांनी विचारलं, "हे कोन लोक होत?" मी म्हटलं, मंडळाचे. तुम्हाला ते पुरलं नाही हे मला दिसत होतं.

तेरवी आटोपून अकोल्याला आलो आणि तिसऱ्या दिवशी वसंतभाऊंच्या दुकानात गेलो. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. मी गाव सोडलं त्याचं बाबांना काय वाटलं होतं? ते कधी रागावले नाहीत, कधी चांगलं केलंस असंही म्हणाले नाहीत. पत्र्याची पेटी टपावर चढवून दिली, बस. ज्याच्यापुढे ते बोलले असतील असा जगात एकच माणूस उरला होता.

"वसंतभाऊ, बाबा तुमच्याजवळ काय बोलत होते?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "लय बोलले."

"माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल बी."

"मग सांगा ना. मी त्यांचा मुलगा आहे."

"म्हनूनच सांगता येत नाई, प्रल्हादभाऊ. तुमाले सांगाचं असतं त त्यायनं तुमालेच सांगितलं असतं. तुमी रोजच त येत होते."

"एवढंच सांगा, रागात होते का?"

"तुमी तिसरं वाक्य म्हटलं तवा मी समोर बसून होतो," ते म्हणाले आणि कापडावर खडूने रेघ ओढू लागले.

मी मोठ्याने बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नियम जिवंत माणसांसाठी असतात, मेलेल्या बापाचे शब्द दाबून ठेवायचा तुम्हाला काय हक्क, असं काहीतरी. शेजारचे दुकानदार बाहेर आले. वसंतभाऊंनी रेघ पुरी केली आणि कात्री उचलली. त्यानंतर आठ महिने मी मंडळाची पायरी चढलो नाही. मंदाने दोनदा विषय काढला, मग सोडून दिला.

आठ महिन्यांनी रहीमभाऊंचा फोन आला. मंडळातल्या गजाननभाऊंची आई दवाखान्यात होती, पाळीला माणूस कमी पडत होता. "येतात का? नाई म्हटलं तरी चालते," ते म्हणाले. नाही म्हणायला सोपं जावं म्हणूनच त्यांनी तसं म्हटलं होतं, आणि म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही.

म्हातारी बार्शीटाकळीची, ऐंशीच्या घरातली. दोन दिवस तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दुपारी छताकडे बघत बोलायला लागली. अशी एक गोष्ट तिने सांगितली, जी तिने आपल्या मुलाला पन्नास वर्षांत सांगितली नव्हती. मधेच थांबून म्हणाली, "तू ऐकून राहिला ना रे बाबू?" मी हो म्हटलं. ती पुढे बोलली. संपल्यावर तिने पाणी मागितलं आणि शांत झोपली. इतक्या दिवसांत ती दिवसाची झोपली नव्हती, असं नर्स म्हणाली.

जिन्यात गजाननभाऊंनी मला अडवलं. "माय काय म्हनत होती? माह्याजवळ तोंड उघडत नाई, तुमच्याजवळ घंटाभर बोलते."

"ते तिलाच विचारा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला ओळखीची होती. मी खाली उतरलो, रस्त्यावर आलो आणि थोडा वेळ सायकल धरून उभा राहिलो. बाबाही एखाद्या दुपारी वसंतभाऊंजवळ बोलून असेच झोपले असतील, असं वाटलं. संध्याकाळी मंडळात गेलो. वसंतभाऊंनी सतरंजीवर सरकून जागा करून दिली. माफी मागायची राहून गेली. त्यांनी वाट पाहिली असेल असंही वाटत नाही.

दादा, मागच्या महिन्यात तुझा फोन आला की मळ्याच्या बाजूला माझ्यासाठी दोन खोल्या काढल्या आहेत, आता रिटायर हो आणि ये. तू मनापासून म्हणालास हे मला ठाऊक आहे. मी उद्या सांगतो म्हटलं आणि महिना झाला तरी सांगितलं नाही. आता सांगतो. सणाला येईन, तोड्याच्या दिवसांत येईन, पण राहायला येणार नाही.

तुझा फोन आला त्याच आठवड्यात वसंतभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरात ते एकटेच, मुलगी सासरी. दुपारची पाळी मी मागून घेतली. डोळ्यांत थेंब टाकायचे आणि बसायचं. शिवायचं काम मला येत नाही, म्हणून मी तूर निवडायला घेऊन बसायचो. बाबांचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. तिसऱ्या दिवशी, डोळ्यांवर हिरवी पट्टी असताना, ते बोलायला लागले. बाबांबद्दल नाही, स्वतःबद्दल. पाच वाजेपर्यंत बोलले. मी सुपातल्या तुरीवरून नजर उचलली नाही.

काय बोलले ते मी तुला सांगणार नाही. माझ्या बापाचं त्यांच्याजवळ आहे, आता त्यांचं माझ्याजवळ आहे. म्हणून मी अकोल्यात राहतो.