चौथं शील

चमत्कारावर माझा विश्वास नाही, आणि जे झालं त्यानंतरही बसलेला नाही. अमरावतीच्या आमच्या घरात देवघर कधी नव्हतं. दिवंगत बाबांचं पुस्तिकांचं कपाट होतं. त्या पातळ पुस्तिकांवर मी अक्षरं गिरवली आणि पुढे स्वतःच पत्रकं लिहू लागले. दारूवरच्या माझ्या पत्रकाचा मथळा होता, ‘पाचवं शील फक्त विहारापुरतं नाही’. वस्तीतल्या पिणाऱ्यांच्या खिशात मी ते कोंबलं होतं. म्हणून त्या रविवारी दुपारी माझा सतरा वर्षांचा भाऊ सुमेध माझी स्कूटर घेऊन दारात उभा राहिला, पुढचा दिवा फुटलेला, तोंडाला बिअरचा वास, तेव्हा मला आधी माझ्या पत्रकाची लाज वाटली. जखमी कोण, हे मी नंतर विचारलं.

वरूड रोडवरच्या मित्राच्या संत्र्याच्या बागेत वाढदिवस होता. परतताना त्यानं एका सायकलवाल्याला उडवलं आणि तो पळून आला. चावी मीच दिली होती, नेहमी देत असे तशीच. तासाभरात गाडीच्या नंबरावरून ठाण्यातून फोन आला: माणूस जिवंत आहे, मांडीचं हाड मोडलंय, उद्या दहा वाजता गाडी घेऊन या. चालवत कोण होतं, ते त्यांनी विचारलं नाही.

अकोल्याच्या मामांनी फोनवरच हुकूम सोडला, पोराला इकडे आण. ते वकिलाकडे कारकून होते. बडनेऱ्याहून गाडी पकडून आम्ही पोचलो, तेव्हा त्यांचं सगळं ठरलेलं होतं.

“हा सतराचा, लायसन नाही, वर पेलेला. याले बाल न्याय मंडळापुढं उभं राहा लागन. पंचवीसचा होईपर्यंत लायसन भेटत नाही. आन् गाडी तुह्या नावावर, चावी तू देल्ली. तुले तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यापरीस तू म्हण, मीच चालवत होती. तुह्यापाशी लायसन आहे, तू पेलेली नाही. उद्यापर्यंत याच्या रक्तात बी काही राहनार नाही.”

“अन् तो सायकलवाला?”

“त्याले काय दिसलं असन? तू काहून एवढा इचार करून राहिली?”

अमरावतीहून फोनवर आई एवढंच म्हणाली, “तुले एकच भाऊ आहे.” मी होकार दिला. पोलिसांपुढे म्हणायचं वाक्य मनात घोकू लागले. सुमेध भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

संध्याकाळी मामी मला गल्लीतल्या विहारात वंदनेला घेऊन गेल्या. पुढे एक म्हातारी आजी बसली होती. हिवरखेडहून लेकीकडे आलेली, गावात वर्षानुवर्षं वंदना सांगणारी. ती एकेक शील सांगत होती, आम्ही मागून म्हणत होतो. माझ्या ओठांवर पंचशील होतं आणि डोक्यात ते वाक्य. आजींनी तिसरं सांगितलं आणि थेट पाचवं सुरू केलं.

“आजी, चौथं राहिलं!”

सगळे वळले. ते मीच बोलले होते. लहानपणापासूनची सवय, दुसरं काही नाही. आजींनी चष्मा वर सरकवला.

“आवो माय, खरंच की. वय झालं. मंग तूच म्हन ना आता, आमी तुह्यामागं म्हनतो.”

चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी तोंड उघडलं, ‘मुसावादा’ म्हटलं, आणि पुढे आवाजच फुटेना. सगळा विहार थांबला होता. “म्हन बाई,” आजी हळूच म्हणाल्या. मी म्हटलं. शब्द कसे फुटले ते आठवत नाही.

बाहेर येऊन, चपला घालायच्याही आधी, मी ठाण्याला फोन लावला. गाडी माझा भाऊ चालवत होता, तो प्यायलेला होता, चावी मी दिली होती. पलीकडून उत्तर आलं, जवळच्या ठाण्यात लगेच जा, रक्त तपासणी होईल. घरी येऊन सांगितलं, तर मामा ओरडले, “तुले येड लागलं का वो?” सुमेध बूट घालू लागला. रस्त्यात म्हणाला, “ताई, मले भीती वाटून राहिली.” मी म्हटलं, “मलेही.”

पुढचं सोपं नव्हतं. तो मंडळापुढे उभा राहिला. आता समुपदेशनाला जातो, आणि मंडळानं नेमून दिलेली सेवा करतो. स्कूटरची नोंदणी वर्षभरासाठी रद्द झाली. माझ्यावरचा खटला चालू आहे, निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. ते सायकलवाले इरफानभाई संत्र्यांच्या पेट्या ठोकतात. आम्ही भेटायला गेलो तर पिशवीकडे बघून म्हणाले, “जिंदगी गेली संत्र्याच्या पेट्या ठोकण्यात, अन् तुमी दवाखान्यात बी संत्रेच आणले?” मग सुमेधकडे वळून म्हणाले, “मी पोलिसांले त्याच दिवशी सांगतलं होतं, पोरगाच होता म्हणून.” माझ्या एका वाक्यानं हा पाय मोडलेला माणूस खोटा ठरला असता.

आजी वयामुळे विसरल्या असतील. तसंच असेल. दुसऱ्या दिवशी त्या गावी परतल्या. त्यांचं नावही मी विचारलं नव्हतं. ‘सरणं गच्छामि’ मी हजारदा म्हटलंय, पण शरण म्हणजे आडोसा असं समजून. परिणाम आपल्या हातात नाहीत हे पत्करून खरं बोलायचं, ही शरणागती मला एका म्हातारीच्या चुकीनं शिकवली. आता रविवारी सुमेध माझ्या शेजारी बसतो. तिसरं शील झालं की मी त्या माउलीला मनात हात जोडते, आणि मग आम्ही दोघं चौथं म्हणतो.