रॉइसचे घरचे सामने

वेंडेल प्रुइट आणि मी अठ्ठावीस वर्षं एकाच टेबलाशी बसलो. टिप्टन फेरी गावातल्या बेअरिंग कारखान्यात, तपासणी विभागात. दर तासाला मशीनवरून पाच कड्या यायच्या. वेंडेल त्यांची मापं घ्यायचा आणि तक्त्यावर एक ठिपका टाकायचा. तक्त्यावर मधे एक रेघ, वर एक, खाली एक. ठिपके त्या वरच्या-खालच्या रेघांच्या आत नाचत असले तर तो कुणाला मशीनला हात लावू द्यायचा नाही. "नाचू दे रे, स्वभाव आहे तो त्याचा," म्हणायचा. पण सलग सात-आठ ठिपके एकाच बाजूला पडले की चष्मा कपाळावर सरकवून उठायचा. "काहीतरी बदललंय. कधी बदललं ते शोधा, मग काय बदललं ते सापडतंच."

बोलायला तो कमीच. त्याची सगळी कसर आर्लीन भरून काढायची. ती शाळेच्या खानावळीत वाढपी होती आणि गावातलं एकूण एक पोर तिला ओळखायचं. स्वतःचं मूल नव्हतं. म्हणून असेल, दर उन्हाळ्यात गावच्या बेसबॉल संघातला एक खेळाडू त्यांच्या माडीवर राहायला असायचा. ह्या खालच्या लीगमधल्या पोरांना पगार तो केवढा! गावातली घरंच त्यांना सांभाळतात.

सत्याऐंशी साली आला तो रॉइस टिलरी. आर्कान्सॉचा, तेवीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दारातून वाकून आत येणारा. जेवण झालं की स्वतःची थाळी विसळून ठेवायचा. "मिस आर्लीन, राहू द्या, मी करतो." आर्लीन पहिल्या आठवड्यातच विरघळली.

एप्रिल-मे त्याचे होते. वेंडेल घरच्या मैदानावर वहीत त्याचा प्रत्येक चेंडू टिपायचा. संघ बाहेरगावी असला की रेडिओला कान लावून टिपायचा. शंभरातले चौसष्ट चेंडू स्ट्राइक, म्हणजे अगदी हवे तिथे. वरच्या लीगची माणसं येऊन बघून गेली.

मग जूनमध्ये काय झालं कुणास ठाऊक, पोरगा ढेपाळला. चेंडू भलतीकडे जायला लागले, फलंदाज बॅट न हलवता फुकटात पहिल्या बेसवर चालत जायला लागले. लोक काय, लोकच. माझ्या मागे बसणारा गॅरेजवाला ओरडायचा, "अरे टिलरी, बॅटर इकडे उभाय, पार्किंगमध्ये नाही!" कुणी म्हणे हात गेला, कुणी म्हणे पोरीच्या नादी लागला. मॅनेजर डूलीने त्याचा पाय उचलायचा ढंग बदलून पाहिला, मग परत पहिल्यासारखा करायला लावला.

"दोन सामन्यांवरून काही ठरत नाही," वेंडेल मला म्हणाला. तिसऱ्यालाही तेच म्हणाला. जुलैच्या मध्याला मात्र तो सगळ्या वह्या कारखान्यात घेऊन आला आणि जेवणाच्या सुट्टीत, सँडविच बाजूला ठेवून, तक्ता मांडायला बसला. चार दिवस चाललं होतं. चौथ्या दिवशी त्याने पेन्सिल खाली ठेवली. "रविवारी जेवायला ये मर्ल. पोराला मी चांगली बातमी देणार आहे."

त्या रविवारी संघाला सुट्टी होती. आम्ही चौघं टेबलाशी. आर्लीनने उकडलेली मक्याची कणसं आणि खिम्याचं मीटलोफ केलं होतं. वेंडेलने थाळ्या सरकवून तक्ता पसरला.

"हे बघ रॉइस. तुझा हात ठणठणीत आहे. हात बिघडला असता तर बाहेरगावीही बिघडला असता. बाहेरचे हे तीन सामने, शंभरात त्रेसष्ट. आणि हे घरचे पाच. एकावन्न, पन्नास, अठ्ठेचाळीस, सगळे असेच. सुरुवात कधी? नऊ जून. त्याच्या आधी घरीसुद्धा झकास चाललं होतं. मैदान तेच, माती तीच. मग बदललं काय?"

रॉइस मान खाली घालून बसला होता. "मला नाही सांगता येत, मिस्टर प्रुइट."

"मी सांगतो. जे काही आहे ते ह्या घरात आहे." वेंडेल खुशीत होता. मी त्याला इतका खुशीत क्वचितच पाहिलाय. "गादी असेल. माडीवरचा उकाडा असेल. नाहीतर तुझं मीटलोफ, आर्लीन! नऊ जूनपासून काय घालायला लागलीस गं त्यात?"

मी हसलो. एकटाच.

आर्लीनने हात पुसले. "पुरे कर वेंडेल. त्याला नको छळूस. मी आहे ते."

"तू काय?"

"बदललं ते."

मग तिने सांगितलं. हवापाण्याचं बोलावं तसं. पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी मे महिन्यात सांगितलं. जूनपासून किरणं चालू आहेत, सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी, चाळीस मैलांवरच्या इस्पितळात. "रॉइस गाडीने नेतो. तो बाहेरगावी असला की मी बसने जाते."

"बसने?" वेंडेल म्हणाला. एवढ्या सगळ्यातून त्याच्या कानाने तेवढंच पकडलं. "त्या बसला अडीच तास लागतात."

"लागतात. खिडकीजवळ बसायला मिळतं."

रॉइसच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही. सकाळी तिला धरून गाडीत बसवायचा, उलट्या सांभाळायचा, आणि संध्याकाळी मैदानात उभा राहून आमच्या रांगेकडे बघायचा, ती आली आहे की नाही, बसली आहे की कलंडली आहे. मी तिच्याच शेजारी बसायचो. मला वाटायचं, पोरगा गर्दीला बिचकतोय.

"मला का नाही सांगितलंस?" वेंडेलने शेवटी विचारलं.

आर्लीन त्याच्या खुर्चीमागे गेली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू माझाही तक्ता मांडला असतास रे. रोज सकाळी वजन, रोज ताप. मला हा उन्हाळा तुझी बायको म्हणून हवा होता."

मी टोपी उचलली आणि मागच्या दाराने निघून आलो.

दुसऱ्या दिवसापासून वेंडेलने रजा टाकली. गाडी आता तो चालवायचा. रॉइसला सकाळी झोप मिळायला लागली. तुम्हाला वाटेल, पोरगा सावरला असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पुढचे तीन घरचे सामने झाले. एक असा टाकला की गॅरेजवाला उभा राहून टाळ्या वाजवत होता. बाकीचे दोन जूनसारखेच. मी वेंडेलला विचारलं, तर म्हणाला, "तीन ठिपक्यांवरून काही सांगता येत नाही." पण पहिल्यासारख्या ठसक्यात नाही म्हणाला.

ऑगस्टमध्ये कमी करायच्या खेळाडूंची यादी आली तेव्हा वेंडेल तक्ता घेऊन डूलीकडे गेला. आर्लीननेच पाठवलं. "सांग त्याला माझं. आता काय लपवायचंय?" मी बरोबर होतो. डूलीने तक्ता नीट पाहिला. वाईट माणूस नव्हता तो.

"तुझं गणित मला पटतं वेंडेल. पण वरच्यांना मी काय सांगू? घरमालकीण आजारी होती? त्यांना आकडा दिसतो. आकड्यामागची बाई नाही दिसत."

"मलाही नव्हती दिसली," वेंडेल म्हणाला आणि तक्त्याची गुंडाळी केली.

रॉइसला काढलं. तो गावी गेला नाही. कुणी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. माडीवरच राहिला, लाकडं फोडायचा, आर्लीनला उचलून व्हरांड्यात आणून बसवायचा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. शाळेतली पोरं रांग लावून आली होती.

दफन झाल्यावर दोन दिवसांनी रॉइस गावी निघाला. मी त्याला आणि वेंडेलला माझ्या गाडीतून बस थांब्यावर नेलं. तोवर वेंडेल माझ्याशी एकच गोष्ट पुन्हापुन्हा बोलायचा. चौतीस वर्षं संसार केलेला नवरा घरात असताना तिने सांगितलं कुणाला, तर दोन महिन्यांच्या पाहुण्याला. थांब्यावर त्याने ते रॉइसला विचारलं. सरळ, रागाने नाही.

रॉइस गोंधळला. "त्यांनी मला सांगितलं नव्हतं, सर. मला दिसलं. न्हाणीघराचं दार उघडं होतं. त्या जमिनीवर बसल्या होत्या, टबाला धरून. मी उचललं, तर म्हणाल्या, तू काही पाहिलं नाहीस."

"केव्हा?"

"नऊ जूनला. सकाळी पावणेसात वाजले असतील."

वेंडेल साडेसहाला घरातून निघायचा. बस आली, रॉइस वाकून आत चढला, आणि आम्ही गाडीत येऊन बसलो. मी किल्ली फिरवली नाही.

"दार उघडं ठेवलं होतं तिने," तो म्हणाला. "मी गेल्यावर. मी घरात असताना बंद असायचं." आणि मग, थोड्या वेळाने, "वीस पौंड उतरले होते तिचे, मर्ल. वीस. रोज माझ्यासमोर बसून जेवत होती."

मी गाडी सुरू केली.

त्यानंतर चार वर्षं तो माझ्याशेजारी टेबलाशी बसला. कड्या मोजायचा, ठिपके टाकायचा. मैदानावर पुन्हा आला नाही. रॉइस त्याच्या गावी तांदळाच्या गिरणीत लागला. दर नाताळला त्याचं कार्ड यायचं. वेंडेलने मला ते कधी दाखवलं नाही, पण जानेवारीभर त्याच्या सदऱ्याच्या खिशातून त्याचा कोपरा दिसत असायचा.