आधी त्याचं मांडा

साळवे सरांच्या वर्गात कोणाला विरोध करायचा तर आधी उभं राहून समोरच्याचं म्हणणं सांगावं लागे. ते असं, की समोरचा स्वतः "व्हय, हेच" म्हणाला पाहिजे. नाही म्हणाला तर खाली बसायचं. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेत सर मराठी शिकवत आणि शनिवारी शेवटच्या तासाला हा वाद लावत. नववीत मी ओळीने तीन शनिवार खाली बसलो. "तू त्याचं सांगत नाहीस, त्याची टिंगल करतोस," सर म्हणाले. "टिंगलीला उत्तर द्यायला अक्कल लागत नाही. बस."

सर मूळचे राहात्याचे, बागायती भागातले. आवाज बारीक, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. दुसऱ्याचं म्हणणं मांडताना मात्र आवाज चढे, हातवारे सुरू होत. स्वतःचं उत्तर पुन्हा बारीक आवाजात. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाल्यावर त्यांनी तिथंही हेच करून पाहिलं. पाण्याच्या टँकरवरून दोन आळ्यांत जुंपली होती. सरांनी दोन्ही बाजू लिहून खाली विचारलं, "बरोबर मांडलं का?" उत्तर आलं, "सर, तुमी नक्की कुनाकडून हाय ते बोला." त्यावर भराभर अंगठे पडले.

मी शाळा सोडून बरीच वर्षं झाल्यावर, दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याआधीच्या शनिवारी विषय होता: ऊसतोडीला जाताना मुलांना सोबत न्यावं की वसतिगृहात ठेवावं. दहावीतली कविता सोबत नेण्याच्या बाजूने बोलली. तिचे आईबाप दरवर्षी तोडीला जात. "ठिवून काय व्हतंय सर? कोयतेवाल्याची पोरगी शिकून बी कोयताच धरती." सरांना हे खोडायचं होतं, म्हणून त्यांनी आधी ते मांडलं, नेहमीसारखं जोरात: "कोयतेवाल्यांची पोरं शिकून काय करणार? शेवटी कोयताच धरणार. न्या त्यांना उसात." कविता म्हणाली, "व्हय, हेच." मग उरलेला सगळा तास सर तिला उत्तर देत राहिले.

मागच्या बाकावरून कोणीतरी मोबाईलवर घेतलं. ग्रुपवर पडलं ते सरांचं तेवढंच वाक्य. "बागायतीतला मास्तर. ह्याला काय ठावं कोयता," एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, "आमच्या पोरांची पायरी दाखवायला पगार घेतो व्हय." शाळेच्या संस्थेने शनिवारचा वाद थांबवला आणि चौकशीला समिती नेमली. तोवर दिवाळी होऊन टोळ्या निघून गेल्या होत्या. कविताही आईबापांबरोबर गेली होती. बाकीच्या मुलांना यात ओढायचं नाही, असं समितीने ठरवलं.

तक्रार होती टोळी नेणाऱ्या एका मुकादमाची; चौकशीपुरता तो कारखान्यावरून परत आला होता. चौकशीत काय झालं ते शाळेच्या लिपिकाने मला पुढे सांगितलं. सर उभे राहिले आणि आधी मुकादमाचं म्हणणं मांडू लागले. "सहा महिने ही माणसं उसाच्या फडात राबतात ती पोरांसाठी. आणि ज्याच्या हाती पोरं दिली तो मास्तरच म्हणतो, तुमची पोरं कोयताच धरणार. अशा मास्तरला शाळेत ठेवू नये. हेच ना, मुकादम?"

"व्हय सर, हेच." मुकादमाचे डोळे भरले होते.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "सरांनाच मान्य हाय म्हटल्यावर मिटलं की." इतिवृत्तात नोंद झाली: आरोप मान्य.

"थांबा, माझं उत्तर राहिलंय," सर म्हणाले.

"वाढवू नका आता, सर," म्हणत अध्यक्ष उठले.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात तालुक्यांच्या बातम्या पाहत होतो. बातमीदाराने इतिवृत्ताचा फोटो पाठवला. 'वादग्रस्त विधान शिक्षकाला मान्य' हा मथळा माझा. बातमी कागदाला धरून होती. त्याच आठवड्यात सरांची सोनईकडच्या शाळेत बदली झाली.

लिपिकाकडून खरं कळल्यावर मी तिथं गेलो. शनिवारचा वाद बंद होता. "शुद्धलेखन घालतो," सर म्हणाले. "त्यात कुणाची बाजू मांडावी लागत नाही." मी कविताचं विचारलं. सरांना कळलं होतं: ती दहावीच्या परीक्षेला आलीच नाही. लग्न झालं, आता नवऱ्याबरोबर तोडीला जाते. "त्या शनिवारी तिला माझं पटत आलं होतं," सर म्हणाले. "पुढच्या शनिवारी ती बोलणार होती."

पुढचा शनिवार झाला नव्हता.

मी म्हणालो, "सर, खुलासा छापतो."

"कशाला? बातमी लावायच्या आधी एक फोन केला असतास तर पाच मिनिटांचं काम होतं. माझा नंबर नव्हता का रे तुझ्याकडे?"

"होता," मी म्हणालो.