बगीचाचा पांढरा शर्ट

मुलाखत दहाची होती आणि लिफ्ट मेकॅनिक सकाळपासून घरभर येरझाऱ्या घालत होता. अंगात जावयाचा पांढरा शर्ट, गळ्यात जावयाचाच टाय. तो गळ्याशी बोट घालून टाय सैल करायचा, की लेक लगेच आवळायची.

"बाबा, हात लावू नका ना! बसा बघू एका जागी."

"बसलो तर शर्ट चुरगळेल म्हणालीस ना मघाशी?"

सत्तावीस वर्षं या गृहस्थाने लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यातली शेवटची एकोणीस फुलाफुलांचे शर्ट घालून. केशरी, पिवळी, बशीएवढाली फुलं. कामावर त्याला सगळे 'बगीचा'च म्हणत. मग कंपनी बंद पडली. वय पन्नाशीपार. आधीच्या दोन मुलाखतींत या शर्टांनीच घात केला, असं लेकीचं ठाम मत होतं. एका साहेबाने तर विचारलं होतं, "इथून परस्पर सहलीला निघालात का?" आता तिसरी मुलाखत मोठ्या हॉस्पिटलात होती. अकरा लिफ्ट, पक्की नोकरी.

"आज एक दिवस माणसासारखे जा," लेक म्हणाली. शब्द जिव्हारी लागला.

हॉस्पिटलात बाहेर आणखी तिघं बसले होते. तिघांचे शर्ट पांढरेच. याला बसवेना. समोरच्या लिफ्टचं दार बंद होताना खालून घासत होतं. दर वेळी याचा हात खिशातल्या, आज नसलेल्या स्क्रूड्रायव्हरकडे जायचा.

आत दोघं होते. एक कारभार बघणारे साहेब, दुसऱ्या इंजिनिअर मॅडम. साहेबांनी जुन्या कंपनीचं पत्र वाचलं. "काम उत्तम. मात्र गणवेशाबद्दल वारंवार ताकीद." त्यांनी मान वर केली. "आज तर नीटनेटके आलात. मग तिथेच काय अडचण होती?"

लेकीने उत्तर पाठ करून घेतलं होतं. चूक झाली, पुन्हा होणार नाही. पण त्याने टायची गाठ ओढून सैल केली.

"गणवेश गडद निळा होता, साहेब. मी लिफ्टखालच्या खड्ड्यात रुळांना तेल देत होतो. जोडीदाराने वरून डोकावलं. अंधारात निळा माणूस त्याला दिसला नाही. मी बाहेर पडलो समजून त्याने लिफ्ट खाली सोडली."

त्याने हात उजव्या खांद्यावर ठेवला.

"मी जमिनीला चिकटून पडलो. लिफ्ट खांद्याला लागूनच थांबली. माझं हाड मोडलं, दोन महिन्यांत जुळलंही. जोडीदाराने मात्र परत पान्याला हात लावला नाही. कंपनीकडे चमकत्या पट्ट्यांचं जाकीट मागितलं, ते काही आलं नाही. मग बाजारात सगळ्यात भडक जे मिळालं ते घेतलं. पुढे आवडायलाही लागलं, खोटं कशाला बोलू?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "घरी माहीत आहे?"

"पाय घसरला, एवढंच सांगितलंय."

"इथला गणवेश राखाडी आहे," साहेब म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"राखाडी तर अंधारात निळ्याहून वाईट!" तो बोलून गेला आणि मग जीभ चावली. गेलं हातचं.

घरी लेकीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ टायची घडी घालत राहिली.

"मी तुम्हाला मैत्रिणींसमोर जोकर म्हणायचे, बाबा."

"ऐकलंय मी. अगं, थोडा होतोच."

मग आठ दिवस फोन वाजला की तो हातातलं टाकून धावायचा. नवव्या दिवशी खुद्द मॅडमचा फोन आला. नोकरी मिळाली होती. बाहेर राखाडी गणवेश, खड्ड्यात उतरताना भडक जाकीट. आणि तशी जाकिटं हॉस्पिटलच्या चारही मेकॅनिकांसाठी मागवली होती.

घासणारं दार त्याने पहिल्याच दिवशी दुरुस्त केलं. पण राखाडी कपड्यांत त्याला अजून करमत नाही. लोक अडवून एक्स-रेची खोली विचारतात. ओळखीचे न बघता पुढे जातात. सकाळी लिफ्टच्या आरशात एक राखाडी माणूस समोर येतो, आणि हा त्याला वाट द्यायला क्षणभर बाजूला सरकतो.